धावत्या अक्षरांतला एकुलता ळ

बेलवली, बदलापूर
६ मार्च १९५५

चि. हेमचंद्र यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोन स्टेशनांपलीकडे राहून आत्याला पोस्टाने खुशाली कळवणारा भाचा अख्ख्या बदलापुरात मलाच लाभलाय. घरी ये म्हणणार नाही. अंबरनाथच्या कारखान्यातली ड्रॉइंग ऑफिसची नोकरी सोडून त्या छापखान्यात गेलास, तेव्हा 'तोंड दाखवू नकोस' असं मीच म्हटलं होतं आणि मी बोललेलं मोडत नाही. पत्राला तोंड नसतं, म्हणून लिहिते.

तू काढलेल्या नव्या टाइपात छापलेलं साबणाचं हस्तपत्रक पाहिलं. सगळी अक्षरं जाडजूड आणि सगळी उजवीकडे कललेली. मी आधी कागद तिरका धरला, मग मान तिरकी केली, तेव्हा ह्यांनी विचारलं की मान आखडली का. अक्षराला जाड आणि बारीक अशी दोन्ही अंगं असतात, हे तुझ्या वडिलांनी बोरूने गिरवून घेताना तुला शिकवलं होतं. तुझी अक्षरं इकडून तिकडून सारखीच, दाबून भरलेल्या पोत्यासारखी. आणि 'सकाली संध्याकाली एकच साबण' हे कुठलं मराठी? तुझ्या सिंधी सेठना येत नसेल, मी समजू शकते. तू तिथे बसून काय करतोस?

बातमी अशी की आपल्या वृंदाचं जमलं. अंबरनाथचे मुळे. मुलगा शशिकांत, कारखान्यात केमिस्ट आहे. वडील आण्णा मुळे निवृत्त हेडमास्तर, बोलतात तेव्हासुद्धा स्वल्पविराम ऐकू येतात. लग्न १५ मे रोजी आपल्याच दारात. पत्रिका नेहमीप्रमाणे कल्याणला छापू.

ह्यांनी साहेबांच्या कानावर घातलंय. ड्रॉइंग ऑफिसातलं तुझं स्टूल ते मेअखेरपर्यंत रिकामं ठेवणार आहेत. विचार कर.

तुझी
आत्या


उल्हासनगर, कॅम्प २
११ मार्च १९५५

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तोंडाबद्दलचा मुद्दा कळला. वृंदाचं ऐकून फार आनंद झाला. 'सकाली'चं पुढे कधीतरी लिहीन, आधी टाइपाचं सांगतो.

इथे आलो तेव्हा सेठ लोकूमल मला म्हणाले, "खड़े अक्षर तो सरकारी नोटिस में होते हैं. हम लोग सिंध से चल के आए हैं, साईं. हमारा अक्षर भी चलना चाहिए." तेव्हापासून मी अक्षरांना चालायला शिकवतोय. वरची रेघ तशीच आडवी ठेवली आणि तिच्याखाली अक्षरं कलवली, दोरीवरचे कपडे वाऱ्याने एका अंगाला जातात तशी. जाड-बारीक काढून टाकलं, कारण ते बोरूचं वळण, आणि इथे बोरू नाही, शिसं आहे. टोकं सरळ छाटली. पण नुसतं कलवून भागत नाही गं. ठ कितीही कलवा, घागर ती घागरच. र घसरतो. जाडी वाढवली की म आणि भ यांच्या पोटात शाई साचते, म्हणून त्यांची पोटं मोठी करावी लागली. वेलांटीचा तुरा अक्षराच्या शिशाच्या खिळ्याबाहेर लोंबतो आणि मशीनखाली मोडतो, तो आखडून घेतला. यात वर्ष गेलं. ड्रॉइंग ऑफिसातही वर्षभर मी बोल्ट काढत होतो, पण तो एकच बोल्ट होता.

सेठांनी गिरगावातल्या ओळखीच्या फाउंड्रीतून खिळे ओतून आणले आणि टाइपाचं नाव ठेवलं 'दौड'. कॅम्पात तो चालतोय. सायकलवाल्याने उचलला, बिस्किटवाल्याने उचलला. डॉक्टर नको म्हणाले, पेशंट पळून चालल्यासारखे दिसतात म्हणून. एका वृद्धाच्या शोकसभेची सूचनाही त्यातच छापली. घरचे म्हणाले, बाबा जन्मभर सावकाश चालले, आता तरी लवकर पोचू देत.

मराठी गिऱ्हाईक मात्र एक नाही. लग्नसराईत मराठी काम आलं नाही, तर सेठ 'दौड' वितळवून त्याच शिशाचे साधे उभे खिळे ओतणार आहेत. वर्षभराची अक्षरं पुन्हा भट्टीत जातील. मला ते बघवणार नाही.

म्हणून मागतो. वृंदाची पत्रिका मला छापू दे. माझ्याकडून तिला आहेर.

तुझा
हेमचंद्र


बेलवली
१७ मार्च १९५५

चि. हेमचंद्र यास आशीर्वाद.

भट्टीचं वाचून वाईट वाटलं. टाइपाबद्दल नाही, तुझ्याबद्दल. वृंदा म्हणते, दादाच छापेल, नाहीतर मी लग्नात रुसून बसेन. ही रुसली की जेवत नाही, आणि न जेवलेली नवरी फोटोत वाईट दिसते, म्हणून हो म्हणते.

पण शर्त आहे. मुळ्यांकडून तुझ्या अक्षरांबद्दल एक वाकडा शब्द आला, तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तू त्या स्टुलावर जाऊन बसायचंस आणि पुन्हा कुरकुर करायची नाही. नाही आला, तर मी ह्यांना सांगून ते स्टूल दुसऱ्या कोणाला देववीन. कबूल असेल तर मजकूर पुढे दिलाय. मला तो फार छान जमलाय असं हे म्हणाले.

"रविवारी सकाळच्या शुभ मुहूर्तावर चि. सौ. कां. वृंदा आणि चि. शशिकांत मुळे यांचा विवाह योजिला आहे. तरी आपण सर्व मंडळींनी बाळगोपाळांसह वेळेवर येऊन मंगळाष्टकांना हजर राहावे. स्थळ : बेलवली." खाली ह्यांचं नाव.

आत्या


उल्हासनगर, कॅम्प २
२२ मार्च १९५५

ती. सौ. आत्यास सा. न. वि. वि.

शर्त कबूल. मजकूर सुरेख आहे. दोन-चार ठिकाणी थोडं वजन यावं म्हणून सुचवतो. 'सकाळच्या'ऐवजी 'प्रभातीच्या'. 'मंडळींनी'ऐवजी 'आप्तेष्टांनी'. 'बाळगोपाळांसह' जरा घरगुती वाटतं, 'सहकुटुंब' बरं. 'वेळेवर' काढून टाकू, लोक तसेही येत नाहीत. 'मंगळाष्टकांना'पेक्षा 'शुभकार्यास'. 'स्थळ' नको, 'मुक्काम' घालू. आणि खाली काकांचं एकट्याचं 'बाळ टेंबे' असं घालण्यापेक्षा 'श्री. व सौ. टेंबे' केलं तर तुझाही मान राहील.

जाता जाता एक. शशिकांतराव आडनाव इंग्रजीत लिहितात का? तसंच छापलं तर फार आधुनिक दिसेल.

हेमचंद्र


बेलवली
२६ मार्च १९५५

चि. हेमचंद्र यास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा आधी वाटलं, पोरगा विद्वान झाला. मग वाटलं, मुळ्यांवर कसला तरी राग आहे. ह्यांना तर भरून आलं. भाच्याने आत्याचा मान राखला म्हणून सबंध गल्लीला सांगून आले.

मग मी डाळ निवडत बसले होते आणि तुझे बदल मनात घोळवत होते. सकाळ. मंडळी. बाळगोपाळ. वेळ. मंगळाष्टक. स्थळ. ह्यांचं नाव. शेवटी मुळे. हातातली डाळ हातातच राहिली. ते साबणाचं पत्रक पुन्हा काढलं. 'सकाली संध्याकाली.' खाली बारीक अक्षरांत 'सर्व फलांच्या वासात मिलेल.'

हेमचंद्रा, तुझ्याकडे ळ नाही का रे?

आत्या


उल्हासनगर, कॅम्प २
३० मार्च १९५५

ती. सौ. आत्यास सा. न. वि. वि.

नाही.

फाउंड्रीला द्यायच्या अक्षरांवर सेठ एकेक बोट ठेवून पाहत होते. ळ पाशी थांबले. "ये क्या है? ल तो है ना." मी म्हटलं, मराठीत लागतो. "कितना लगता है?" मी म्हटलं, थोडा. कुठल्या तोंडाने 'थोडा' म्हटलं देव जाणे. आपण दिवसभर ळ बोलतो, पण किती ते कोणाच्या लक्षात येतं? सिंधीत नाही, हिंदीत नाही, सेठांनी प्रामाणिकपणे तो काढून टाकला. म्हणाले, मराठी काम आया तो डलवा देंगे. आणि मराठी काम येत नाही, कारण ळ नाही. असा तिढा आहे.

पण आता ऐक. मी सागाच्या तुकड्यावर ळ कोरतोय, खिळ्याच्या उंचीचा, उलटा. आत्या, ळ इतका अवघड असेल असं वाटलं नव्हतं. तो उभा असतानाच कसाबसा उभा असतो. दोन गोल, मधे गाठ, आधाराला कानासुद्धा नाही. कलवला की लोळतो. तीन तुकडे वाया गेले, त्यात एक ळ इतका लोळला की सेठांनी त्याला जिलबी समजून तारीफ केली. शेवटी डावा गोल मोठा ठेवला, उजवा जरा दबका, आणि आता तो पडत नाही, पळायच्या तयारीत वाकल्यासारखा दिसतो. एवढा चांगला ळ मी आजवर काढला नव्हता.

पण एकच आहे. लाकडाला चिरा जातात, दुसरा होईलसं दिसत नाही. तो 'मुळे'त घालतो. बाकीचे तू सोडून दे, एवढी विनंती.

हेमचंद्र


बेलवली
३ एप्रिल १९५५

चि. हेमचंद्र यास आशीर्वाद.

सोडले. बाळगोपाळ सोडताना जिवावर आलं. ह्यांना अजून 'श्री. व सौ.'चं खरं कारण सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. मुळ्यांच्या वाट्याच्या पत्रिका परस्पर अंबरनाथला पोचव.

त्या एका ळला जप.

आत्या


बेलवली
२१ एप्रिल १९५५

हेमचंद्र,

आशीर्वाद देण्याच्या मनःस्थितीत मी नाही.

काल अंबरनाथला मुळ्यांकडे पत्रिकांचा गठ्ठा पोचला. शेजारच्या बायका जमलेल्या. आण्णांच्या आईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या काहीही वाचतात ते गावासाठी वाचतात. त्यांनी पत्रिका हातात घेतली आणि खणखणीत आवाजात वाचलं, "चि. सौ. कां. वृंदा आणि चि. शशिकांत मुले." मग थांबल्या. पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "अगो, मुलेसुद्धा? किती ते नाही लिहिलंन."

बायका हसल्या. आण्णा हसले नाहीत. आज सकाळी स्वतः इथे आले, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, "ज्या घरात ळ आणि ल यांतला भेद पाळत नाहीत, त्या घरात ठरलेली मुलगीच बोहल्यावर उभी राहील याची आम्हाला काय खात्री?" हे इतके गोंधळले की म्हणाले, आम्हाला एकच आहे. वृंदा आत रडतेय. कुलवृत्तांत हातात घेऊन आण्णा अर्धा तास मुळे घराण्यातल्या ळचा इतिहास सांगत होते. रविवारपर्यंत विचार करून कळवतो म्हणून गेले.

तुझा तो एकुलता ळ कुठे गेला?

आत्या


उल्हासनगर, कॅम्प २
२२ एप्रिल १९५५

ती. सौ. आत्यास सा. न. वि. वि.

काय लिहू? प्रूफ मी स्वतः पाहिलं, त्यात ळ होता. त्यानंतर मी पाकिटं आणायला कल्याणला गेलो. घरचं काम म्हणून सेठ स्वतः मशीनवर बसले. शिशाच्या खिळ्यांत त्यांना लाकडाचा एक तुकडा दिसला. त्यांना वाटलं, खिळा कमी पडला म्हणून पोराने तिथे लाकूड ठोकलंय. आपल्या पोराच्या घरच्या कार्यात लाकूड? त्यांनी ते प्रेमाने उपटलं, नवाकोरा ल बसवला, उत्तम छापलं आणि मी यायच्या आत गठ्ठे बांधून रवानाही केले. माझ्या हातात पेढा ठेवून म्हणाले, "देखो, एक गलती थी, मैंने निकाल दी."

मी सगळं सांगितलं. तेव्हा ळ हातरुमालात गुंडाळून ते बाहेर पडले. कुठे गेले माहीत नाही.

शर्त मी हरलो. वृंदाला म्हणावं, रडू नकोस. नव्या पत्रिका कल्याणला साध्या टाइपात छापून घ्या. साहेबांना सांग, मी स्टुलावर येतो. 'दौड' भट्टीत गेला तरी आता माझी तक्रार नाही. तक्रार नाही हे खोटं लिहिलं. पण येतो.

हेमचंद्र


बेलवली
२५ एप्रिल १९५५

चि. हेमचंद्र यास अनेक आशीर्वाद.

तुझे सेठ कुठे गेले ते मला माहीत आहे, कारण काल मी अंबरनाथला मुळ्यांचे पाय धरायला गेले, तर ओसरीवर ते आधीच बसलेले. आण्णांच्या पुढ्यात रुमाल, रुमालावर तुझा ळ. आदल्या दिवशीही येऊन गेले होते, पण आण्णांनी दार उघडलं नाही. म्हणून पुन्हा आले.

मी उंबऱ्यात थबकले. सेठ म्हणत होते, "मास्टरजी, हमारी सिंधी के भी चार अक्षर हैं, जो यहाँ किसी छापखाने में नहीं मिलते. उनके बिना छापता हूँ तो माँ की बोली टूटी हुई लगती है. और मैंने ही आपके घर का अक्षर निकाल दिया. मुझे सिखाइए, ये बोलते कैसे हैं."

हेडमास्तराला कोणी शिकवा म्हटलं की तो कसा रागावून राहणार? आण्णांनी जीभ उलटी कशी वळवायची ते दाखवलं. सेठ म्हणाले, मुरे. मग मुडे. मग मुले. आजी कानाला हात लावून प्रत्येक वेळी 'नाही' म्हणत होत्या. मग आण्णांनी त्यांचं एक अक्षर शिकायला घेतलं. सिंधीत मुलाला 'बार' म्हणतात, पण त्यातला ब श्वास आत ओढून म्हणायचा. आण्णा दुपारभर ब गिळत बसले. शशिकांत पाणी घेऊन उभा, बापाला उचकी लागली समजून. एवढ्या वेळात सेठांच्या तोंडून एकदा, चुकून म्हण हवं तर, स्वच्छ 'मुळे' निघालं. आजींनी टाळी वाजवली.

शेवटी आण्णांनी तुझा ळ उचलला, उजेडात धरला आणि उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, "मजबूत आहे. पडेलसा वाटतो, पण पडत नाही." नवीन पत्रिका नकोत म्हणाले. आहेत त्यांवरच तो ळ शाईत बुडवून ते हाताने उमटवणार आहेत, ल खोडून. निम्म्या झाल्यासुद्धा. वाण्यापर्यंत सगळ्यांना दाखवतायत.

आता शर्तीचं. अक्षरांबद्दल वाकडा शब्द आला का, हे मी मुद्दाम विचारलं. आजी म्हणाल्या, "वाकडा कशाला? डोळ्यांत सारं धुरकट झाल्यापासून कुणाची पत्रिका आपली आपण वाचली नव्हती. ही एवढी ठसठशीत, चष्म्याशिवाय वाचली." त्यांनी वाचली म्हणूनच एवढं रामायण झालं, हे खरं. पण वाचता आली हेही खरं. बोललेलं मोडत नाही, तेव्हा शर्त तू जिंकलास. ह्यांनी साहेबांना सांगितलं, स्टूल देऊन टाका.

तोंडाबद्दलही मी बोलले होते. लग्नात तू पाठ दाखवत फिरलास तर लोक हसतील. एवढं एक बोललेलं मोडते. शनिवारीच ये, सेठनाही आण. तुझ्या खोलीतली जळमटं काढून ठेवलीत. तुझ्याशिवाय घर मला गोड लागत नाही, हे पत्रात लिहायला बरं पडतं.

तुझी
आत्या


बेलवली
१४ मार्च १९५६

चि. हेमचंद्र यास अनेक आशीर्वाद.

तू रविवारी येतोच आहेस, पण ही बातमी तोंडी सांगायची नव्हती. तुझं-माझं महत्त्वाचं सगळं पोस्टानेच झालंय.

काल पहाटे वृंदा सुखरूप बाळंत झाली. आण्णा आजींना घेऊन धावत आले आणि सोबत आणलेल्या पत्र्याच्या डब्यातून त्यांनी ती गेल्या वर्षीची पत्रिका काढली, जिच्यातला ल खोडायचा राहून गेला होता. ती आजींच्या हातात दिली. आजींनी ती खणखणीत आवाजात वाचली, बाळंतिणीच्या कुशीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लिहिलं होतंन ते बरोबरच होतं. आकडा तेवढा राहिला होता."

बारशाची पत्रिका 'दौड'मध्येच हवी असा मुळ्यांचा हुकूम आहे. सेठना म्हणावं, मराठी काम आलं की ळ ओतवीन म्हणाला होतात, हे ते काम. कॅम्पातल्या सायकली-बिस्किटांवर वर्ष निभावलंत, 'दौड' भट्टीत घातला नाहीत, आता फाउंड्रीला कळवा. या वेळी मी एकही शब्द सोडणार नाही. सकाळ, मंडळी, पाळणा, वेळ, स्थळ, ह्यांचं नाव, मुळे, सगळं येणार. लाकडाच्या एका तुकड्यावर भागायचं नाही. तेव्हा मजकूर पाठवण्याआधी ळ किती होतील ते उलट टपाली कळव.

बाळं दोन आहेत.

तुझी
आत्या